किती? ते नंतर... आधी, कुठपर्यंत?

खिसापाणी

एप्रिल आला की ऑफिसात दोनच विषय. एक, अप्रेझल. दोन, अप्रेझलमध्ये वाढलेले पैसे नक्की गेले कुठे? पण याच दिवसांत तिसरा एक विषय असतो, जो कँटीनच्या टेबलावर कधीच येत नाही. तो येतो फोनवर. स्क्रीनवर ‘ताई’ किंवा ‘वहिनी’ असं नाव झळकतं, आपण हेडफोन लावून जिन्यात जातो. पाच मिनिटं पाऊसपाण्याच्या गप्पा होतात आणि मग हळूच येतं, “अरे, पोराच्या शाळेचं जरा बघायचं होतं...”

अमेरिकेतल्या खासगी शाळांमध्ये यासाठी एक आख्खं ऑफिस असतं. फायनान्शियल एडचं. पालक आपली मिळकत, कर्ज, घरखर्च सगळं एका फॉर्ममध्ये भरून देतात आणि कुणाला किती सवलत ते शाळा ठरवते. आपल्याकडेही ते ऑफिस आहे. फक्त ते शाळेत नसतं. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत, मगरपट्ट्यात असतं. त्याचं नाव मामा, काका, आत्या किंवा मावशी. फॉर्म नाही, इंटरव्ह्यू नाही, पगार झाला की ट्रान्सफर. आणि आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, “किती पाठवू?”

बॉस, प्रश्न चुकतोय. ‘किती’च्या आधी विचारायचं असतं, ‘कुठपर्यंत?’

पेढे वाटले, पुढे काय?

माझा एक मित्र कोपरगावचा. नोकरी पुण्यात, आयटीत. फ्लॅटचा ईएमआय चालू, लग्न पुढच्या वर्षी. त्याची ताई कोपरगावातच दिलेली. दाजी ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात कामाला. आठ वर्षांपूर्वी त्यांचा पगार होता महिना साडेसात हजार. म्हणजे वर्षाचे नव्वद हजार. त्या वर्षी भाच्याचा नंबर लागला, आरटीईच्या पंचवीस टक्क्यांत. गावातल्या चांगल्या इंग्लिश मीडियम शाळेत पहिलीला प्रवेश, तोही फी न भरता. ताईने गल्लीत पेढे वाटले. मामाने पुण्याहून स्कूलबॅग आणि वॉटरबॅग पाठवली. विषय संपला.

आठ वर्षं विषय खरंच संपलेला होता. पोरगं हुशार निघालं. मग आठवीच्या वार्षिक परीक्षेच्या तोंडावर शाळेकडून कागद आला. नववीपासून नियमित फी लागू, वर्षाला ४२,००० रुपये. दाजींचा पगार आता चौदा हजार. म्हणजे तीन महिन्यांचा आख्खा पगार. बसचे पैसे वेगळे, वह्यापुस्तकं वेगळी.

ताईला वाटलं, शाळेने फसवलं. शाळेने फसवलेलं नव्हतं. कायदाच तेवढा आहे.

कायदा कुठे थांबतो

जरा नीट समजून घेऊ. कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांना आरटीई म्हणजे ‘गरिबांची लॉटरी’ एवढंच माहीत असतं.

शिक्षण हक्क कायदा झाला २००९मध्ये, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. शाळा कोर्टात गेल्या. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१२मध्ये कायदा कायम ठेवला. पुढे २०१४मध्ये अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना यातून वगळलं. म्हणून शहरातल्या काही नामांकित शाळा या यादीत दिसत नाहीत.

महाराष्ट्रात हे सगळं ऑनलाइन चालतं. अर्ज भरायचा, घराचं ठिकाण नकाशावर दाखवायचं, घरापासूनच्या अंतरात बसणाऱ्या शाळा निवडायच्या, मग राज्यभराची एकच सोडत. वंचित घटकासाठी जातीचा दाखला लागतो, दुर्बल घटकासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. आणि मर्यादा? वर्षाला एक लाख रुपये. भागाकार करा. महिन्याला ८,३३३. दुर्बल घटकातून अर्ज करणाऱ्या घरात महिन्याला नऊ हजार आले, तर कायद्याच्या हिशेबात ते घर दुर्बल नाही! आठ वर्षांपूर्वी दाजींचा पगार दोन हजारांनी जास्त असता, तर पेढे वाटायची वेळच आली नसती.

या मुलांच्या फीपोटी सरकार शाळेला ठरावीक रक्कम देतं. अलीकडच्या वर्षांत ती मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये होती. ती वेळेवर मिळत नाही ही शाळांची जुनी तक्रार. म्हणून ‘आरटीईवाले पालक’ म्हटलं की काही शाळांच्या ऑफिसात कपाळाला आठी पडते. पण त्या भांडणात पोराचा काय संबंध? २०२४च्या फेब्रुवारीत तर राज्य सरकारने नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला पंचवीस टक्क्यांतून सूट. त्यातून बहुतेक खासगी शाळा बाहेरच पडल्या असत्या. पालक कोर्टात गेले आणि १९ जुलै २०२४ला मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला. म्हणजे हा हक्क आज आहे, कारण तो कुणीतरी टिकवला.

पण कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. आठवीपर्यंत. नववीच्या पहिल्या दिवशी तेच पोरगं, तोच बाक, तेच मित्र, पण आता ते फी भरणाऱ्यांपैकी एक. या खड्ड्याचा बोर्ड पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी कुणी लावत नाही.

खड्ड्यात आणखी एक खड्डा

तुम्ही म्हणाल, मग स्कॉलरशिप आहेत की. आहेत. आठवीत एक परीक्षा होते, एनएमएमएस. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. दाजींचं उत्पन्न वर्षाला १,६८,०००. आरामात बसतात.

पण ही शिष्यवृत्ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. भाचा विनाअनुदानित शाळेत. झालं! ज्या दारातून आरटीईने आत नेलं, त्याच दारामुळे एनएमएमएस बंद. एक मदत जिथे संपते तिथेच दुसरी सुरू होते, आणि मधली फट नेमकी या पोरांच्या पायाखाली येते.

पोराला अनुदानित शाळेत घालायचं का? हा पर्याय ताईच्या घरी एखाद्या शिक्षेसारखा उच्चारला गेला. खरं तर तसं काही नाही. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी नाममात्र. अनेक ठिकाणी सेमी-इंग्रजी आहे, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून. स्टेट बोर्डाचं पोरगं असेल तर पुस्तकंही ओळखीची. सीबीएसईचं असेल तर मात्र बदल जड जातो, आणि तोही दहावीच्या उंबरठ्यावर. म्हणून हा निर्णय आठवीच्या मार्चमध्ये रडतरडत नव्हे, सातवीतच शांतपणे घ्यायचा असतो.

साखरेच्या गावात फी कुणी भरली?

कोपरगाव म्हटलं की आपल्याला आठवतं शिर्डीला जाताना लागणारं स्टेशन. फार तर गोदाकाठ, राघोबादादांचा वाडा, बेटातलं शुक्राचार्यांचं मंदिर. पण अहिल्यानगर जिल्ह्याचा (आपल्या लहानपणीचं अहमदनगर) हा तालुका शाळांचाही आहे. कोकमठाणला आत्मा मालिकचं शैक्षणिक संकुल, कोळपेवाडीला गौतम पब्लिक स्कूल, संजीवनीच्या संस्था, साकरवाडीला सोमय्यांची शाळा. यातल्या बहुतेकांची पाळंमुळं उसात. आधी ऊस, मग कारखाना, मग कारखान्याच्या सावलीत शाळा. शेतकऱ्याच्या पोराला पुण्या-मुंबईला न जाता शिकता यावं, ही त्यामागची साधी गरज.

आणि याच गावात रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे. त्याचं पूर्ण नाव सद्गुरू गंगागीर महाराज सायन्स, गौतम आर्ट्स अँड संजीवनी कॉमर्स कॉलेज. पोरं एका दमात म्हणतात, ‘एसएसजीएम’.

‘रयत’चं नाव घेतलं की फायनान्शियल एडच्या गप्पांना वेगळंच वळण लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये कराडजवळच्या काले गावी ही संस्था काढली. १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एकत्र राहणार, एकत्र जेवणार. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असं नामकरण झालं. बोर्डिंगची चूल पेटती ठेवायला लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. पण भाऊरावांना कळत होतं, दागिने संपतात. दानाला शेवट असतो. म्हणून त्यांनी ‘कमवा आणि शिका’ आणलं. पोरांनी शेतात, बांधकामावर राबायचं, स्वतः स्वयंपाक करायचा आणि शिकायचं. त्या पोरांना कुणी ‘फुकटे’ म्हणू शकत नव्हतं. आणि ती मदत कुणा एकाच्या पगारावर उभी नव्हती, म्हणून मध्येच तुटत नव्हती.

दुसरं टोक बघा. इंग्लंडमधली ईटन शाळा. आज जगातल्या महागड्या शाळांत तिचं नाव. सहाव्या हेन्री राजाने ती १४४०मध्ये काढली, ७० गरीब मुलांना फुकट शिकवण्यासाठी! आजही तिथे ७० ‘किंग्ज स्कॉलर’ असतात, पण त्यांच्याभोवती फी भरणाऱ्यांची मोठी शाळा उभी राहिली. सांगायचा मुद्दा एवढाच की, शाळेला गरीब पोराची जागा राखायची असेल तर ती नियमात लिहून ठेवावी लागते. नाहीतर चांगल्या हेतूचंही ब्रँडिंग होतं.

ज्या मदतीला बारावीपर्यंत दम आहे

‘कुठपर्यंत?’ हा प्रश्न घेऊन बाकीचे पर्याय तपासले, तर यादीचा क्रमच बदलतो.

जवाहर नवोदय विद्यालय. १९८६पासूनची केंद्र सरकारची निवासी शाळा. अहिल्यानगर जिल्ह्याची आहे पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला. पाचवीत असताना परीक्षा द्यायची, सहावीला प्रवेश, बारावीपर्यंत शिक्षण, राहणं-जेवण सगळं. नववीपासून काही मुलांना महिन्याला सहाशे रुपयांचा विकास निधी, तो मुलींना आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना. मात्र सहावीच्या प्रवेशाचा चान्स एकच. पाचवी हुकली की मग नववीला रिकाम्या राहिलेल्या जागांपुरतीच संधी.

सैनिक स्कूल, सातारा. १९६१मध्ये सुरू झालेलं देशातलं पहिलं. सहावीला आणि नववीला प्रवेश. फी मोठी आहे, पण पालकांच्या उत्पन्नानुसार शिष्यवृत्ती असते. नववीचा प्रवेश म्हणजे आपल्या खड्ड्यावरचा पूलच. फक्त त्याची परीक्षा आधीच होऊन जाते. शाळेचा कागद हातात आल्यावर शोधाशोध केली तर उशीर झालेला असतो.

हे दोन्ही पर्याय भाच्यासाठी होते. पण त्या-त्या वर्षी घरात कुणाला ते सुचलं नाही, कारण फी लागत नव्हती. फी लागत नाही तेव्हाच पुढची तयारी करायची असते, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही.

मामाचं गणित

आता आपल्याकडे वळू. म्हणजे फायनान्शियल एड ऑफिसकडे.

मित्र फोनवरच म्हणाला होता, “ताई, टेन्शन घेऊ नको, मी भरतो.” दिलदार माणूस. पण या वाक्याला शेवट नव्हता. मी भरतो म्हणजे किती वर्षं? बस धरून की सोडून? लग्नानंतरसुद्धा? होणाऱ्या बायकोला सांगितलंय का? आणि दाजींचं काय? साल्याच्या पैशावर पोरगं शिकतंय, हे त्यांना कुणी तोंडावर बोललं नाही, पण ते कुणाच्या डोळ्याला डोळा देईनात. मदतीचे पैसे दिसतात, त्याखालचं ओशाळेपण दिसत नाही.

शेवटी एका रविवारी तिघं बसले. वहीचं एक पान. वर लिहिलं, ‘दहावीपर्यंत’. बस्स, तिथेच अर्धं ओझं उतरलं! कारण दहावीनंतर अकरावी, ज्युनिअर कॉलेज, नवा प्रवेश, नवे पर्याय. म्हणजे खड्डा दोन वर्षांचा आहे, जन्माचा नाही.

नववीचे ४२,०००. दहावीला दहा टक्के वाढ धरली तर ४६,२००. एकूण ८८,२००. दाजी म्हणाले, मी महिन्याला दीड हजार देणार. चोवीस महिन्यांचे ३६,०००. उरले ५२,२००. भागिले चोवीस, मामाच्या वाट्याला महिन्याला २,१७५ रुपये. दोन माणसांचा मल्टिप्लेक्स, पॉपकॉर्न आणि नंतरचं जेवण, महिन्यातून एकदा कमी. ४२,००० ऐकून छातीत धस्स झालेला माणूस २,१७५ ऐकून हसला. आणि दाजींचा दीड हजार हा या हिशेबातला सगळ्यात मोठा आकडा आहे, असं मला वाटतं.

मग ताई आणि दाजी शाळेत गेले. मामा गेला नाही, हे बरं झालं. लेखी अर्ज दिला. आठ वर्षांची प्रगतिपुस्तकं, उत्पन्नाचा दाखला, दोन मागण्या. फी चार हप्त्यांत घ्या, आणि शक्य तेवढी सवलत द्या. सवलत मिळाली नाही. हप्ते मिळाले. बसचा खर्च पोराने स्वतःच उडवला. म्हणाला, सायकलने जातो.

सगळ्याच ताया अर्ज घेऊन शाळेत जात नाहीत. ‘आपण फी कमी करा म्हणायचं? लोक काय म्हणतील?’ अरे, आपण नोकरीत पगारवाढ मागतो, फ्लॅट घेताना बिल्डरकडे स्क्वेअर फुटामागे घासाघीस करतो, आणि पोराच्या शाळेत तोंड का शिवतो? महाराष्ट्राच्या २०११च्या फी नियमन कायद्यानुसार शाळेच्या फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावा लागतो. म्हणजे फी हा शाळेने एकटीने ठरवायचा आकडा नाही. विचारणं ही लाचारी नाही.

तुमच्या डेस्कवर चिकटवायला...

ज्यांच्या फोनवर या सीझनमध्ये ‘ताई’ झळकणार आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात.

एक. भाचा-भाची पंचवीस टक्क्यांत लागले तर अभिनंदन करा आणि त्याच महिन्यात पोस्टात किंवा बँकेत आरडी उघडायला लावा. समजा शाळेची फी आज ३०,००० आहे आणि दरवर्षी दहा टक्के वाढते. नववीला ती ६४,३००च्या आसपास जाईल, दहावीला ७०,७००. दोन वर्षांचे १,३५,०००. महिन्याला १,५०० रुपये आठ वर्षं टाकले तर व्याज न धरताही १,४४,००० जमतात. खड्डा बुजला.

दोन. टॅक्सच्या भरवशावर राहू नका. जुन्या करपद्धतीत शाळेच्या ट्यूशन फीवर वजावट मिळते ती फक्त स्वतःच्या दोन मुलांपुरती. भाच्याची फी भरणाऱ्या मामाला काही नाही. नव्या करपद्धतीत तर कुणालाच नाही. आणि एज्युकेशन लोनच्या व्याजावरची सवलत बारावीनंतरच्या शिक्षणासाठी असते, शाळेसाठी नाही.

तीन. फीसाठी ईएमआय देणाऱ्या कंपन्यांचं गुलाबी पत्रक आलं तर आधी शाळेलाच हप्ते मागा. शाळेच्या हप्त्याला व्याज नसतं. ‘नो-कॉस्ट’च्या खाली बारीक अक्षरांत प्रोसेसिंग फी लपलेली असू शकते.

चार. पोरगं चौथी-पाचवीत असेल तर नवोदयचा अर्ज, सातवी-आठवीत असेल तर सैनिक स्कूलचा. शाळा अनुदानित असेल तर आठवीत एनएमएमएस. आरटीईचं पोर्टल नवं वर्ष उजाडलं की बघत राहा. गावाकडे नेट नसतं असं नाही, फॉर्मच्या तारखा सांगणारं कुणी नसतं. २,१७५ रुपये पाठवता येत नसतील, तरी तारीख पाठवता येते. तीसुद्धा फायनान्शियल एडच.

आणि पाच. ‘मी भरतो’ म्हणण्याआधी वहीचं एक पान घ्या. वर लिहा, कुठपर्यंत. खाली लिहा, कोण किती. त्यात आईबापाचा वाटा असू द्या, मग तो शंभर रुपयांचा का असेना. जमलं तर पोरालाही त्या टेबलावर बसवा. चौदा वर्षांच्या पोराला आपल्या फीचा हिशेब नीट कळतो. आपल्यासाठी कोण काय करतंय, हे त्याला उगाच कानावर पडण्यापेक्षा समोर बसून कळलेलं बरं.